दोन चाकांची वाटणी

मोटार विकत घेताना आपण काय काय पाहतो! रंग पाहतो, बैठक पाहतो, इंधन किती लागते ते विचारतो, आणि अलीकडे तर समोरच्या पडद्यावर काय काय दिसते याचीही चौकशी करतो. परंतु मागच्या आसाच्या मध्यभागी जो लोखंडी फुगीर गोळा असतो, त्याच्या पोटात काय आहे असे विचारणारे गिऱ्हाईक विरळाच. शहरातील गुळगुळीत रस्त्यांवर हा प्रश्न न विचारताही आयुष्य निभावते. अळणावरसारख्या गावी मात्र तो विचारावाच लागतो. आमच्या घरी या एका प्रश्नावर पुरता महिनाभर खल झाला. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. कारण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेली आपली कितीतरी घरे अशाच आडगावी शेतीवाडी सांभाळून आहेत, आणि डांबर व चिखल या दोहोंशी त्यांना रोजचा संसार करावा लागतो.

अळणावर हे धारवाडच्या पश्चिमेला, मलनाडाच्या उंबरठ्यावरचे गाव. हुबळी-लोंढा लोहमार्गावरचे जंक्शन म्हणून ते ठाऊक असते. दांडेलीच्या रानाकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. धारवाडच्या पूर्वेला काळी कापसाची जमीन आणि पश्चिमेला तांबडी माती, जांभा, भाताची खाचरे, ऊस आणि मग रान. पश्चिमेकडे सरकावे तसा पाऊसही वाढत जातो. आमची थोडी जमीन हल्याळच्या बाजूला, डांबरी रस्त्यापासून कोसभर आत आहे. ही तांबडी वाट उन्हाळ्यात नुसती धूळ असते, आणि मृगाचा पाऊस पडला की तिचे लोणी होते. दुसरीकडे, घरात चौऱ्याऐंशी वर्षांची आई. दर पंधरवड्याला तिला धारवाडच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते. तेव्हा गाडी एकच, आणि कामे दोन: आठवड्यातून चार दिवस शेताचा चिखल, आणि पंधरवड्यातून एकदा मागच्या बैठकीवर आईला बसवून ओल्या डांबरावरून धारवाडची वाट.

जुनी जीप पंचवीस वर्षे राबून थकली, तेव्हा नवी घेण्याचे ठरले आणि घरात दोन तट पडले. पुण्याला नोकरी करणारा पुतण्या सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर डोंगरात गाड्या घालतो. त्याचे म्हणणे, ‘काका, पुढच्या-मागच्या दोन्ही आसांना लॉक असल्याशिवाय गाडी घेऊच नका.’ हुबळीचा धाकटा भाऊ हिशेबी. तो म्हणाला, ‘दादा, वर्षातून चार वेळा रुतणाऱ्या गाडीसाठी एवढा खर्च कशाला? साधी गाडी घ्या आणि रुतली तर ट्रॅक्टर बोलवा.’ दोघांचेही म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. म्हणून मूळ वस्तू काय आहे तेच आधी समजून घ्यावे असे मी ठरवले.

हे समजून घ्यायला अळणावरइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. स्टेशनबाहेरच्या रस्त्यावरून बैलगाडी जाते आणि आत रुळावरून आगगाडी. बैलगाडीची दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात. वळणावर बाहेरचे चाक अधिक चालते, आतले कमी. एकाचा दुसऱ्याला अडथळा नाही. कारण ओढणारे बैल पुढे आहेत आणि चाकांना नुसते घरंगळायचे आहे. आगगाडीचे उलट. तिची दोन चाके आणि आस मिळून एकजीव. एक चाक फिरले की दुसरे तेवढेच फिरणार. मग वळणाचे कसे होते? तर चाकाचा काठ सपाट नसून किंचित उतरता घडवलेला असतो. वळणावर जोडी थोडी बाहेर सरकते आणि बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर चालू लागते. तीव्र वळणावर एवढेही पुरत नाही. तेव्हा लोखंड लोखंडावर घासते आणि ती कर्कश किंचाळी ऐकू येते.

मोटारीला मात्र बैलगाडीसारखे मोकळे फिरायचे असते आणि आगगाडीच्या इंजिनासारखा चाकांनाच जोरही द्यायचा असतो. हिशेब करून पाहा. दोन चाकांतील अंतर दीड मीटर धरले, तर काटकोनातील एका वळणात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३५ मीटर अधिक चालते. दोन्ही चाके एकाच आसाला जखडली, तर एवढे अंतर कोणत्या तरी चाकाला फरफटत काढावे लागेल. ही अडचण फ्रान्समधील पेकूर नावाच्या यंत्रकाराने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी सोडवली. त्याने आसाचे दोन तुकडे केले आणि मध्ये दंतचक्रांची अशी जुळणी बसवली, की इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना मिळावा आणि तरीही एकाने भराभर व दुसऱ्याने हळू फिरावे. तेच डिफरन्शियल. पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली तरी मूळ कल्पना तीच आहे.

आता या सोयीची दुसरी बाजू. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देते. वाटणीचा हा न्याय ऐकायला फार चांगला वाटतो. पण सारखा म्हणजे किती? तर दोहोंपैकी दुबळ्या चाकाला जेवढा पेलेल तेवढाच! समजा, एक चाक कोरड्या मुरुमावर आहे आणि ते शंभर भार पेलू शकते. दुसरे चिखलात आहे आणि ते वीसच पेलते. मग दोघांना वीस-वीस, म्हणजे एकूण चाळीसच भार मिळणार. गाडी हलायला साठ लागत असतील तर चिखलातले चाक गरगर फिरत राहते, कोरड्यावरचे स्वस्थ उभे, आणि गाडी तसूभर पुढे जात नाही. फोर-व्हील ड्राइव्हची गाडी घेतली म्हणजे ही पीडा टळते असा पुष्कळांचा समज असतो. परंतु तिच्यातही पुढे एक साधे डिफरन्शियल आणि मागे एक साधे डिफरन्शियल असेल, तर पुढचे एक व मागचे एक अशी दोन चाके घसरताच ती चार चाकांची गाडी मुकाट उभी राहते.

यावर दोन प्रकारचे उपाय निघाले. पहिला लिमिटेड-स्लिपचा, म्हणजे घसरण थोडक्यात आवरून धरण्याचा. यातही जाती आहेत. एकीत दोन्ही बाजूंना क्लचसारख्या चकत्या असतात. एक चाक फार फिरू लागले की त्या एकमेकींना घासून त्याला मागे खेचतात आणि थोडा जोर दुसऱ्याकडे वळवतात. १९३० च्या दशकात जर्मनीतील शर्यतीच्या गाड्यांत असे उपाय प्रथम गाजले. काम चांगले, पण चकत्या झिजतात आणि तेलही खास लागते. दुसऱ्या जातीत मळसूत्री दंतचक्रे असतात. त्यांची रचना अशी, की बळकट चाकाला दुबळ्याच्या दुप्पट-तिप्पट जोर पोचतो. झीज कमी, कारभार मुकाट्याचा. चालकाला पत्ताही लागत नाही. मात्र एक मेख आहे. दुबळे चाक अगदीच अधांतरी गेले, तर त्याचा भार शून्य. आणि शून्याची तिप्पटही शून्यच. गोव्यात कुळ्याहून दूधसागरकडे जाणाऱ्या जीपगाड्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ओढ्यातील धोंड्यांवर चाक असे अधांतरी होते म्हणजे काय ते सांगायला नको. अशा वेळी ब्रेक हलकेच दाबून धरला तर त्या मोकळ्या चाकाला थोडा भार मिळतो आणि यंत्र पुन्हा कामाला लागते, हे जाणते चालक सांगतात.

दुसरा उपाय लॉकचा. येथे आवरून धरणे वगैरे नाही. डिफरन्शियलला सरळ कुलूप घालायचे आणि दोन्ही चाके आगगाडीसारखी एकजीव करायची. मग वरच्या उदाहरणात शंभर अधिक वीस असा सगळा भार मिळतो, आणि एक चाक हवेत असले तरी दुसरे गाडी ओढून काढते. ही वस्तू आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. ट्रॅक्टरवर टाचेपाशी एक लहानसे पेडल असते. नांगरताना एक चाक घसरू लागले की ते दाबायचे आणि ओळ संपून वळायच्या आत सोडायचे. आमच्या शेतावरचा गडी शाळेत फार शिकलेला नाही. पण वळताना ते पेडल दाबलेले राहिले तर ट्रॅक्टर वळत नाही, सरळच जातो, हे त्याला पक्के ठाऊक आहे. लॉकविषयीचे अर्धे शहाणपण या एका वाक्यात आहे.

मोटारीत हे कुलूप तीन तऱ्हांनी लागते. एक चालकाने दांडा ओढून किंवा बटण दाबून लावायचे. पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यामुळे आपल्याला ओळखीची असलेली जुनी बजाज टेंपो कंपनी, म्हणजे आजची फोर्स मोटर्स. तिच्या गुरखा गाडीत पुढच्या व मागच्या दोन्ही आसांना असे दांड्याचे लॉक देतात. महिंद्राने २०२४ साली आणलेल्या थार रॉक्सच्या फोर-व्हील प्रकारांत मागच्या आसाला विजेवर चालणारे लॉक आहे. दुसरी तऱ्हा आपोआप लागणाऱ्या यांत्रिक कुलपाची. २०२० च्या थारच्या आणि २०२१ च्या बोलेरो निओच्या काही प्रकारांत ते मिळू लागले. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला की ते ‘खट्’ करून लागते, आणि वेग ताशी तीसेक किलोमीटरच्या वर असला तर लागतच नाही. तिसरी तहा खऱ्या अर्थाने कुलपाची नव्हेच. घसरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते, म्हणजे त्याला खोटा भार मिळतो आणि जोर दुसऱ्याकडे जातो. २०२३ साली आलेल्या मारुती जिम्नीत हीच योजना आहे. थोड्या चिखलाला ती पुरते; पण फार वेळ झुंजावे लागले तर ब्रेक तापतात.

एवढे कळल्यावर पुतण्याचेच म्हणणे खरे, असे कोणालाही वाटेल; लॉकइतका जोर दुसऱ्या कशातच नाही. परंतु याच सुमारास शेजारच्या गावात एक प्रसंग घडला. एका ओळखीच्या गृहस्थांनी जुन्या जीपच्या मागच्या डिफरन्शियलमधील दंतचक्रे वेल्डिंग करून कायमची जोडून घेतली होती. हा गरिबाचा लॉक. खर्च जवळजवळ नाही आणि चिखलात जीप रणगाड्यासारखी चाले. श्रावणातल्या एका संध्याकाळी रिमझिम पावसात, डांबरी रस्त्याच्या साध्या वळणावर ती जीप वळलीच नाही. आधी नाक सरळ गेले. घाबरून त्यांनी पाय उचलला तेव्हा शेपूट बाहेर आले आणि गाडी शेतात उतरली. दैव बलवत्तर म्हणून खरचटण्यावर निभावले. वेगही काही फार नव्हता.

ही हकीकत आम्ही ओसरीवर बोलत होतो. आई जपमाळ घेऊन बसली होती. ती मध्येच म्हणाली, ‘अरे, गाडी चिखलात रुतली तर चार माणसे बोलावून काढता येते. वळणावर घसरली तर कोणाला बोलावणार?’

महिनाभर आम्ही जे शोधत होतो ते या एका प्रश्नात होते. लॉक चांगले की लिमिटेड-स्लिप, हा प्रश्न यंत्राचा नाहीच. आपले चाक घसरते तेव्हा आपण कोठे असतो आणि किती वेगात असतो, हा खरा प्रश्न आहे. चिखलातील घसरण पायी चालण्याच्या वेगाची असते. तेथे जोर हवा. गाडी थोडी वाकडी गेली तरी बिघडत नाही. डांबरावरची घसरण वेगातली असते. तेथे जोर नको, चाकांना आपापल्या गतीने फिरण्याची मोकळीक हवी. दोन्ही चाके जखडलेली असली की घसरतानाही ती जोडीनेच घसरतात. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक गरगरले तरी दुसरे जमिनीला धरून असते आणि गाडीला बाजूला जाऊ देत नाही. आडव्या उतारावर, शेताच्या बांधालगत, हाच फरक जीवघेणा ठरतो: जखडलेली गाडी हळूहळू उताराकडे सरकत जाते.

मग निवड सोपी झाली. ज्यांचा चिखल थोडा आणि डांबर फार, घाटातील ओली वळणे रोजची, त्यांना मळसूत्री जातीचे लिमिटेड-स्लिप किंवा ब्रेकची योजना पुरे. चकत्यांचे लिमिटेड-स्लिपही चालेल. पण ओल्या रस्त्यावर मागून चालणाऱ्या गाडीला वळणात एकदम जोर दिला तर त्यानेही दोन्ही चाके एकत्र सुटू शकतात, हे लक्षात असू द्यावे. ज्यांना दरवर्षी खरोखर रुतावे लागते, चाक खड्ड्यात किंवा हवेत जाते, त्यांना लॉकच हवे. मात्र डांबरावर येताच जे नक्की सुटते असेच. हाताचे लॉक असेल तर ते सोडण्याची आठवण ठेवणारा माणूस हवा. आमच्या घरी गाडी तिघे चालवतात, आणि तिसरा पगारी ड्रायव्हर कधी बदलेल याचा नेम नाही. म्हणून मागच्या आसाला आपोआप लागणारे आणि वेगात न लागणारे लॉक आम्ही पत्करले. पुढच्या आसाला लॉक नको असे ठरले. ते लागले की सुकाणू जड होते आणि गाडी वळायला नाखूश असते. आमच्या वाटेला तेवढ्या शर्थीची गरज नाही. पुतण्या थोडा हिरमुसला, भावाने खर्चाबद्दल मान हलवली. पण आईच्या प्रश्नाला दोघांकडेही उत्तर नव्हते. गाडीचे नाव येथे लिहीत नाही. हा लेख कोणाची जाहिरात ठरू नये.

बाहेरून लॉक बसवून घेण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल त्यांनी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. लॉक लागले असता प्रसंगी सगळा जोर एकाच बाजूच्या अर्ध्या आसावर येतो. जुन्या गाडीचा आस ते सोसेलच असे नाही. तो तुटला म्हणजे रुतण्यापेक्षा मोठे संकट. नव्या गाड्यांत ब्रेकची आणि तोल सांभाळण्याची यंत्रणा विजेच्या मेंदूवर चालते. परका लॉक आत बसला की तिचा हिशेब चुकतो. आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची बंधने आहेत. विमा कंपनीही पुढे प्रश्न विचारू शकते. म्हणून कारखान्यातूनच बसून येईल तेच घ्यावे हे उत्तम.

आमचे मिस्त्री कानडी गृहस्थ, चाळीस वर्षे याच धंद्यात. ते म्हणतात की डिफरन्शियल कोणतेही असो, जमिनीला हात लावतो तो टायरच. त्यांचा हा सल्ला सर्वांआधी पाळावा. टायरची नक्षी झिजली असेल तर कोणतेही कुलूप तुम्हांला तारणार नाही. मऊ जमिनीत शिरण्यापूर्वी टायरची हवा थोडी कमी केली तर त्यांचा तळवा पसरतो आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. मात्र डांबरावर वेग घेण्याआधी ती पुन्हा भरलीच पाहिजे. म्हणून गाडीत हवेचा पंप असावा. एक फावडे, जाड दोर आणि दोन फळ्या असाव्यात. काहीच नसेल तर उसाचे पाचट आहेच. आणि फोर-व्हीलचा दांडा कोरड्या डांबरावर लावू नये. आमच्याकडच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या व मागच्या आसांमध्ये तिसरे डिफरन्शियल नसते, त्यामुळे वळताना सारे यंत्र पिळले जाते.

नव्या गाडीने एक पावसाळा काढला. आपोआप लागणाऱ्या लॉकची एक रीत शिकावी लागते. चाक घसरले की आपण सवयीने पाय उचलतो. येथे उलट, क्षणभर ते धीराने फिरू द्यायचे, ‘खट्’ ऐकायचे आणि मग हलक्या पायाने बाहेर पडायचे. मी वहीत नोंद ठेवली. जून ते ऑक्टोबर या काळात ते चार वेळा लागले. चारही वेळा जागा तीच, शेताच्या वाटेवरची ओढ्याची मोरी आणि तिच्या अलीकडची शंभर पावले. धारवाडच्या रस्त्यावर ते एकदाही लागले नाही. आईची पंधरवड्याची फेरी एकदाही चुकली नाही, आणि वाटेत तिला डुलकीही लागते.

वाचकांपैकी कोणी गाडी घेणार असतील तर त्यांना एकच सुचवावेसे वाटते. दुकानात जाण्यापूर्वी एक पावसाळाभर अशीच वही ठेवा: चाक कोठे घसरले, केव्हा, किती वेगात, आणि त्या वेळी गाडीत कोण बसले होते. विक्रेत्याने दाखवलेल्या चित्रांपेक्षा ते चार रकाने तुम्हांला अधिक खरे सांगतील.